आधी काडी, मग गाडी

ट्रॅक-डेच्या सकाळी गेटवर तपासणी असते. हेल्मेट बघतात, त्यावरचा शिक्का बघतात. टायर, ब्रेक पॅड, टो-हूक, सीटबेल्ट. डिकीत सुटं सामान राहिलंय का तेही वाकून बघतात, मागच्या सीटवरची पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढायला लावतात. हे सगळं योग्यच आहे. पण ग्राहकांच्या गाड्यांबरोबर मी जिथे जिथे गेलो, तिथे कोणी बॉनेट उघडून ऑइलची काडी ओढून बघितल्याचं मला आठवत नाही. इंजिनात ऑइल किती आहे हा ज्याचा त्याचा खासगी मामला समजतात. माझं म्हणणं असं की तो खासगी नाही, आणि तपासणीच्या कागदावर हेल्मेटच्या शेजारीच त्याला जागा मिळाली पाहिजे.

मी पुण्यात गॅरेज चालवतो. अलीकडे माझ्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा नूर पालटलाय. तिशीतली मुलं दोन दरवाजांच्या, तीनशे-साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या गाड्या घेऊन येतात. कोणी आयटीतला, कोणी चाकणला वडिलांच्या कारखान्यात बसणारा. त्यांना गाडी तिच्या कुवतीने पळवून बघायची असते, आणि ती एक्स्प्रेसवेवर न पळवता ट्रॅकवर पळवा म्हणून मीच त्यांच्या मागे लागतो. मग कोणी कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला जातं, कोणी श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास सर्किटला, आणि खिसा बरा असेल तर ट्रेलरवर गाडी चढवून थेट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला. तयारी जोरात चालते. चिकट टायर येतात, ब्रेकचं फ्लुइड बदललं जातं, सायलेन्सर बदलून गाडीचा आवाज वाढवला जातो (त्याने गाडी किती पळते ते सोडा, शेजारी मात्र जागे होतात). ऑइल बघितलंस का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "काका, स्क्रीनवर ओके दाखवतंय."

ओके म्हणजे किती, ते स्क्रीन सांगत नाही.

साध्या गाडीत ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठलेलं असतं. चेंबरच्या तळाशी एक नळी बुडलेली असते, तिच्या तोंडाला जाळी. पंप त्या नळीतून ऑइल ओढतो आणि दाबाने क्रँकच्या बेरिंगना, कॅमशाफ्टला, टर्बोला पोचवतो. तिथून ते ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येतं. कोथरूड ते हिंजवडी या प्रवासात या व्यवस्थेला कधी ताण पडत नाही. ट्रॅकवर पडतो. वळणात गाडीवर गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर आला, म्हणजे ट्रॅकवाले ज्याला एक जी म्हणतात तेवढा, की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग चक्क 45 अंशांनी कलतो. काठोकाठ वाढलेलं आमटीचं ताट घेऊन कोणी गर्रकन वळलं तर काय होईल, तेच इथे होतं. सगळं ऑइल एका भिंतीवर चढतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढायला लागतो.

यात आणखी एक गोम आहे. इंजिन सहा-सात हजार आरपीएमवर सतत फिरत असतं तेव्हा बरंचसं ऑइल वर हेडमध्ये असतं आणि ज्या वेगाने वर जातं त्या वेगाने खाली उतरत नाही. म्हणजे गाडी उभी असताना काडीवर जी पातळी दिसते, ती वळणातली पातळी नव्हेच. वळणात चेंबरमध्ये त्याहून कमी ऑइल असतं, आणि तेही एका कोपऱ्यात गोळा झालेलं.

आता हिशेब बघा. 7000 आरपीएम म्हणजे क्रँकचे सेकंदाला सुमारे 117 फेरे. क्रँक आणि बेरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजायची. त्या फटीत दाबाखाली ऑइलचा पातळ थर टिकून आहे म्हणून धातूला धातू लागत नाही. तो थर एका वळणात तुटला तर इंजिन लगेच बसतंच असं नाही. बेरिंगला ओरखडा उठतो. पुढच्या लॅपला त्याच वळणात आणखी एक. बुद्ध सर्किटच्या 5.125 किलोमीटरमध्ये 16 वळणं आहेत. त्यातलं दहा-अकरा नंबरचं उजवं वळण इतकं लांबलचक आहे की गाडी कितीतरी वेळ एकाच बाजूला रेटलेली राहते. इंजिनाची परीक्षा अशाच वळणात होते. कचकन ब्रेक मारून झटकन वळण्यात तेवढी होत नाही.

आणि ऑइलचा दिवा? तो बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरला की पेटतो. जुन्या मेस्त्रींचा ठोकताळा असा की दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय दाब हवा, म्हणजे सहा हजारांवर चार बारच्या वर. चारवरून अर्ध्यावर येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय दिवा वळणात क्षणभर लुकलुकतो, आणि वळणात मीटरकडे बघतो कोण? नजर वळणावर ठेवलेल्या पुढच्या शंकूवर असते, आणि तिथेच असायला हवी.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. जर्मन, टर्बो, जेमतेम दोन वर्षांची, मालक हौशी आणि स्वभावाने सरळ. ट्रॅकवरून परत आल्यावर तक्रार एवढीच की थंड इंजिनाला "टकटक येतेय, टॅपेट असेल". टॅपेटचा आवाज वरून येतो, बारीक आणि घाईचा. हा खालून येत होता, जड. ॲक्सिलरेटर सोडताना जास्त. मी ऑइल काढलं, फिल्टर काढला, त्याचा कागद कटरने कापला आणि घड्या उलगडून ट्यूबलाइटखाली धरला. जरीच्या साडीचा भुगा सांडावा तसे कण चमकले. त्यावरून लोहचुंबक फिरवलं, एकही कण चिकटला नाही. लोखंड नव्हे, म्हणजे रिंग किंवा गिअर नव्हे. हे बेरिंगचं अस्तर. चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडची बेरिंग काढली तर दोन ठिकाणी वरचा थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडलेला. अजून एक ट्रॅक-डे झाला असता तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. ऑइल किती निघालं? वरच्या खुणेपर्यंत असायला हवं होतं त्यापेक्षा लिटरभर कमी.

मालकाने काही निष्काळजीपणा केला नव्हता. पुण्याहून निघताना स्क्रीनवर पट्टी पाऊण भरलेली होती. पण पुणे ते कोइम्बतूर बंगळूरमार्गे बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि युरोपीय कंपन्यांच्या कित्येक मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणं नॉर्मल म्हणून छापलेलं असतं. टर्बो गाडी हायवेला ताणून चालवली तर ती खातेच. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत अंतर साधारण एक लिटरचं. म्हणजे ट्रॅकवर पोचेपर्यंतच पट्टी निम्म्याच्या खाली आलेली, आणि उरलेली कसर ट्रॅकवरच्या गरमीने काढली. शिवाय या गड्याने कंपनीचे टायर काढून जास्त पकडीचे सेमी-स्लिक घातले होते.

टायरचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी बनवणाऱ्याने चेंबर, त्यातल्या आडव्या पाट्या, नळीची जागा हे सगळं कंपनीच्या टायरची पकड धरून ठरवलेलं असतं. पकड वाढली की वळणातला आडवा जोर वाढतो, ऑइलचा कल वाढतो, आणि जे गणित कंपनीने जुळवलं होतं ते बिघडतं. टायर बदलायला अर्धा तास लागतो म्हणून लोक ते आधी बदलतात. क्रम उलटा हवा. आधी चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून पाट्या आणि एकाच दिशेने उघडणारी दारं. मग ऑइल कूलर, कारण ट्रॅकवर ऑइल 120-130 अंशांवर जातं, पातळ होतं आणि दाब आणखी पडतो. त्यानंतर टायर. बॅफलचा खर्च परवडत नसेल तर रोडचेच टायर ठेवा आणि तेवढ्यात मजा करा. मजा काही कमी होत नाही, गाडी घसरते त्यामुळे उलट शिकायला जास्त मिळतं.

हे त्याचं इंजिन आणि त्याचे पैसे, मग वर्तमानपत्रात कशाला, असं कोणी म्हणेल. रॉड ब्लॉकमधून बाहेर आला की पाच-सहा लिटर गरम ऑइल ट्रॅकवर सांडतं, आणि तेही बरोबर रेसिंग लाइनवर. मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. मार्शल पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवतो, ट्रॅक घसरडा आहे म्हणून. पण तो झेंडा वर जाईपर्यंत एखादी गाडी भिंतीवर गेलेली असू शकते. मग सेशन बंद, सिमेंटची पावडर, झाडू, आणि बाकीचे सगळे आपापल्या पैशांकडे बघत पिटमध्ये बसलेले. त्याच ट्रॅकवर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवाले येणार असतात, त्यांच्यासाठी तर हा जिवाशी खेळ.

मोटारसायकलच्या शर्यतींत ही भीती फार जुनी आहे. 20 मे 1973 ला इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर 250 सीसीच्या शर्यतीत पहिल्याच लॅपला यार्नो सारिनेन आणि रेन्झो पासोलिनी हे दोघे अव्वल रायडर गेले. आधीच्या 350 सीसीच्या शर्यतीत एका बेनेल्लीतून ऑइल गळलं होतं, तरी ट्रॅक साफ केला नाही, असा संशय वर्षानुवर्षे राहिला. चौकशीत दोष पासोलिनींच्या जॅम झालेल्या इंजिनाकडे गेला, पण तो वाद काही मिटला नाही. आज सुपरबाइक शर्यतीच्या नियमांत गाडीच्या पोटाखालचं फेअरिंग असं बांधावं लागतं की इंजिन फुटलं तर ऑइल आणि कूलंट मिळून निम्मं तरी त्यातच अडकावं. मोटारींच्या शर्यतींसाठी एफआयएच्या नियमांत इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून उडणारं ऑइल पकडायला डबा लागतो, 2000 सीसीपर्यंत 2 लिटरचा आणि त्यावर 3 लिटरचा, आणि आत किती साचलंय ते दिसावं म्हणून तो पारदर्शक किंवा पारदर्शक पट्टीचा. फॉर्म्युला वनमध्ये तर कोणत्या इंजिनाने किती ऑइल जाळलं यावर मर्यादा आहे. ताकद वाढवायला काही जण मुद्दाम ऑइल जाळतात असा बोभाटा झाल्यावर ती 2018 मध्ये 100 किलोमीटरला 0.6 लिटर केली आणि 2020 मध्ये 0.3. जिथे शर्यत गांभीर्याने घेतात तिथे ऑइल थेंबाथेंबाने मोजतात. आणि हौशी ट्रॅक-डेला, जिथे गाड्या रोडच्या आणि चालवणारे नवखे, तिथे काडी कोणी ओढत नाही.

ओढणार तरी काय म्हणा. बीएमडब्ल्यू, पोर्श, आउडी यांच्या कित्येक मॉडेलांतून काडीच काढून टाकलीय. बॉनेटखाली बघावं तर काळं प्लास्टिकचं झाकण आणि ऑइल ओतायचं तोंड. पातळी बघायची तर स्क्रीनवर, तीही इंजिन पुरेसं गरम असेल आणि गाडी सपाटीवर असेल तेव्हा. काही गाड्या आधी मिनिटभर थांबवतात. सेन्सर वाईट असतो असं नाही. पण काडीवर पातळीपलीकडचंही पुष्कळ दिसतं. शहरात थांबत थांबत चालणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमी होत नाही, कधीकधी वाढते, आणि मालक खूश. काडी नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येतो. दोन बोटांत थेंब घासला की ऑइल पातळ झालंय हे कळतं. काडीवर फेस दिसला तर आणखी वेगळा आजार. स्क्रीन वास घेत नाही. आपल्याकडे सकाळी ट्रॅक्टर काढण्याआधी काडी ओढून, फडक्याने पुसून, परत घालून बघणारे शेतकरी गावोगाव सापडतील. त्यांच्या ट्रॅक्टरच्या कितीतरी पट किमतीच्या गाडीला ती सोय नाही, आणि मालकाला त्याची खंतही नाही. मला विचाराल तर जी कंपनी गाडीच्या जाहिरातीत ट्रॅकचं चित्र छापते, तिने त्या गाडीला काडी दिलीच पाहिजे. चारशे रुपयांची वस्तू आहे ती.

कमी ऑइलचा धाक दाखवला की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ओततच सुटतात. हेही घातक. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक ऑइलवर आपटतो, ते घुसळून त्यात हवा मिसळते, आणि हवा मिसळलेलं ऑइल बेरिंगला धड आधार देत नाही. म्हणजे ज्याच्या भीतीने ओतलं तेच झालं. वर ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं, निळा धूर निघतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य कमी होतं. मग किती ठेवायचं? जनरल मोटर्सने कॉर्व्हेटच्या काही पिढ्यांच्या मॅन्युअलमध्ये रेसिंगसाठी वरच्या खुणेच्याही वर लिटरभर ठेवा असं स्वच्छ छापलं होतं. हे वाक्य कुठेतरी वाचून पुण्यातल्या एखाद्या चार सिलिंडरच्या टर्बोत लिटर जास्त ओतणारे मी बघितलेत. ते त्या इंजिनासाठी, त्या चेंबरसाठी लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तसं नसेल तर ट्रॅकसाठी पातळी गरम इंजिनावर वरच्या खुणेला टेकवा, तिच्यापुढे जाऊ नका. आणि दर सेशननंतर बघा.

ड्राय संपच्या गाड्यांची गोष्ट निराळी. पोर्श 911 जीटी3 किंवा 2006 नंतरची कॉर्व्हेट झी06 घ्या. त्यांत ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि वळणाने फारसं बिथरत नाही, म्हणून त्या ट्रॅकवर निर्धास्त. पण उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. थंड गाडीची पातळी बघितली तर ती खोटी कमी दिसते. अशा गाडीत पातळी इंजिन गरम करून, बहुतेकदा आयडलवर चालू ठेवून बघायची. ज्याला हे ठाऊक नाही तो रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दीड लिटर ओततो आणि दुपारी माझ्याकडे फोन करतो की मागून धूर का येतोय.

आयोजकांशी मी हे बोललोय. त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. एकाचं म्हणणं, सकाळी तीस गाड्या असतात, प्रत्येकीचं बॉनेट उघडत बसलो तर पहिलं सेशन दुपारी सुरू होईल. दुसऱ्याचं, आम्ही काडी बघितली आणि तरी इंजिन गेलं तर मालक आमच्या नावाने खडे फोडेल. पहिल्याला मी विचारलं, ट्रॅकवर एकदा ऑइल सांडलं की साफसफाईत किती वेळ जातो? त्याने हसून विषय बदलला. दुसऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की बघायचं काम आयोजकाने करूच नये. ते मालकानेच करावं, पण माणसासमोर आणि कागदावर. तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा. ऑइलची पातळी, कधी बघितली, इंजिन गरम होतं की थंड, आणि सही. काडी असेल तर ओढून दाखवा, नसेल तर स्क्रीनवर आकडा दाखवा. प्रत्येक सेशनआधी तीच ओळ पुन्हा. बरोबर त्याच ग्रेडच्या ऑइलचा एक लिटरचा सीलबंद डबा नसेल तर ट्रॅकवर सोडू नका, कारण कोइम्बतूरला रविवारी दुपारी तुमच्या गाडीचं नेमकं ऑइल शोधत फिरणं म्हणजे दिवस गेला. आणि ज्याच्या मागून धूर दिसेल त्याला काळ्यावर नारिंगी गोलाचा झेंडा दाखवून आत बोलवा, तो कितीही ओळखीचा असो. माझ्या ग्राहकालासुद्धा. माझ्याकडून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीची चावी मी हल्ली मालकाच्या हातात आधी देत नाही. आधी फडकं देतो.